पाडव्याआधीची फी

बुद्धप्रियाताईंच्या टॅक्सचे कागद कंधारात मीच भरतो आणि दर मार्चला आमचं वाजतं. बाई फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्यांचे हातपाय पुन्हा हलते करायला स्कूटीवरून खेडोपाडी फिरतात. फी मात्र कधी तोंडानं मागत नाहीत.

त्या वर्षी मी त्यांना बजावलं होतं. नवरा वारलेला, मुलगी दिपाली नांदेडला शिष्यवृत्तीवर शिकणारी, आणि ताईंचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेला टेकलेलं. "पैसा हातात पडेल त्या दिवशीची ती कमाई, असा आपला हिशेब," मी म्हणालो. "आता मार्चात कुणाचं काही घेऊ नका. एप्रिलात घ्या, ते पुढच्या वर्षात जाईल." यात लबाडी काहीच नव्हती. ताईंनी मान डोलावली.

तारामतीबाई नावाच्या पेशंटची वर्षभराची फी यायची होती. तूर विकल्यावर द्यायची बोली होती. ताईंनी त्यांचे यजमान शेषेराव यांना एप्रिलचं सांगितलंही. पण पाडवा मार्चअखेरीस आला आणि शेषेराव पुन्हा दारात उभे राहिले.

"ती ऐकूनच न्हाई राहिली, ताई. कुणाच्या मेहनतीचं ठेवून पाडवा करायचा न्हाई म्हणती. तुम्हीच समजावा तिला."

पुढचं मला ताईंनीच सांगितलं. त्या गेल्या तर तारामतीबाई भिंतीला टेकून बसलेल्या. लकव्यानं लुळा पडलेला उजवा हात थरथरत पुढं आला, त्यात नोटा होत्या.

"घे, माय. डाव्या हातानं न्हाई द्यायचे तुला. हे धरायचंच शिकून राहिले इतके दिस."

ताईंनी घेतले.

मी वैतागलो. "रोखच हाय ना? एप्रिल लिहितो. कोण बघायला बसलंय?"

"न्हाई, भाऊ. मावशीचा हात मार्चात उठला. एप्रिल लिहिलं तर तो उठलाच न्हाई असं मला वाटंल."

मला बाईंचा रागही आला आणि डोळेही भरून आले. मी मार्च लिहिलं.

दिपालीची शिष्यवृत्ती गेली. ताईंनी गळ्यातलं मोडून तिची फी भरली. पोरगी महिनाभर आईशी बोलली नाही. "दोन दिस थांबायचं होतं फक्त," मला म्हणाली, आणि तिचंही काही चुकत नव्हतं.