शेगडीमागची वल्ही

वडखळच्या पुढे खाडीकाठी एक बाई संध्याकाळी मासे तळते. तिचं नाव मला ठाऊक नाही; सगळे काकीच म्हणतात. समोरच्या बेटावरची माणसं घरी परतताना तिच्याकडे टेकतात. बिअर ज्याची त्यानं आणायची, पण बाटली उघडण्याआधी आपल्या होडीचं वल्हं काकीच्या शेगडीमागे ठेवायचं. निघताना ती ताटलीत भिंग माशाचा तुकडा वाढते. भिंग चवीला राजा, पण केसासारख्या काट्यांनी भरलेला. ते काटे ज्याला नीट काढता आले, त्यालाच वल्हं परत. नियम एवढा कडक, तरी कुणी दुसरीकडे जाऊन बसत नाही. तिच्या हातचा मासा सोडवतच नाही.

एकदा मला पलीकडे मित्राकडे जायचं होतं. ज्याच्या होडीतून जाणार होतो, तो कंपनीतली शिफ्ट संपवून आलेला तरुण भलताच चिडला होता.

"काकी, वल्हं दे गो! मला चढली नाय."

"मंग खा ना."

पहिल्याच घासाला तो ठसकला.

"बस अजून. खाडी कुठं जात नाय."

बऱ्याच वेळानं दुसऱ्या तुकड्याचे काटे त्यानं ताटलीच्या कडेला ओळीनं मांडले. काकीनं वाकून पाहिलं आणि वल्हं दिलं. मला हायसं वाटलं.

मग शेगडी विझवून तिनं स्वतःची बाटली काढली. काकीही बेटावरचीच, तिलाही होडीनंच घरी जायचं होतं. आपलं वल्हं तिनं त्याच तरुणाच्या हवाली केलं, बाटली संपवली, उरलेला भिंगाचा तुकडा पुढ्यात घेतला आणि म्हणाली, "आता नीट बघ रं. काकी म्हणून सोडू नको."