चुकीचे शिकवले म्हणून दाराशी आलेले सर

प्रा. गजाननराव हेर्लेकर सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या कचेरीतल्या खिडकीपाशी झाली. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षे झाली होती. मी गारगोटीहून कोल्हापूरला बी.ए.साठी आलो होतो. इंग्रजी घ्यायचे एवढे पक्के होते, पण जोडीला दुसरी भाषा कोणती, यावर गाडी अडली होती. "पावणं, लवकर सांगा की, मागं रांग हाय," असे म्हणून कारकून माझ्यावर खेकसले. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या, पांढरा कोट आणि काळी टोपी घातलेल्या तरुण गृहस्थांनी विचारले, "फ्रेंच घेता का?"

"त्यानं काय हुतंय?" मी विचारले. तेव्हा मी असाच बोलत असे.

"काही होत नाही," ते हसून म्हणाले. "पण इंग्रजी एकटीच शिकली की माणसाला वाटते, साहेबाची भाषा म्हणजेच जग. शेजारी दुसरी आणून बसवली की कळते, तीही आपल्या मराठीसारखी एक भाषाच आहे." मला यातले फारसे कळले नाही. पण अर्ज भरून मोकळा झालो.

सर आम्हाला दोन्ही भाषा शिकवीत. इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले की शहरातली मुले एकमेकांकडे बघून हसत. फ्रेंचच्या तासाला मात्र सगळेच सारखे अडाणी असल्यामुळे हसायला कोणाची छाती होत नसे. सरांचा नियम असा की फ्रेंच उताऱ्याचे भाषांतर इंग्रजीत करायचे नाही, थेट मराठीत करायचे. "दोन परक्या बायकांना एकमेकींची चुगली सांगायला लावू नका, दोघींशी स्वतः बोला," असे ते म्हणत. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास होण्याच्या बेतात होतो, तेव्हा सरांनी मला रोज सकाळी स्वतःच्या घरी बोलावून मोठ्याने वाचायला लावले. मी वाचत असताना त्यांच्या मातोश्री न चुकता गरम पोहे आणून ठेवीत. मायलेकांनी एका शब्दानेही कधी उपकाराची जाणीव करून दिली नाही. मी पास झालो, पुढे बी.ए. झालो आणि गारगोटीच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो.

आता जे लिहायचे आहे ते सरांच्या आज्ञेवरून. त्यांच्या या गौरवग्रंथात लेख लिहिण्याची परवानगी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "जोतिबाचे आणि गारगोटीचे लिहिणार असाल तर लेख द्या. नुसती स्तुती करायला इतर मंडळी आहेतच." गौरवग्रंथात गौरवमूर्तींची फजिती लिहायची, हे मला अजूनही अवघड वाटते.

सर फ्रेंच शिकले होते ते पुस्तकांवरून. त्या काळी परीक्षा सगळी लेखी असे. पुस्तकात इंग्रजी अक्षरांत उच्चार दिलेले होते, त्यांच्या आधाराने सर बोलत आणि आम्ही त्यांच्यामागून बोलत असू. खरा फ्रेंच माणूस सरांनी तोवर ऐकलेला नव्हता, तेव्हा आम्ही कुठून ऐकणार?

मी शाळेत लागल्यानंतर दोन-तीन वर्षांनी देवळांची शिल्पे बघत हिंडणाऱ्या एक फ्रेंच बाई कोल्हापूरला आल्या. प्राचार्यांनी मोठ्या अभिमानाने त्यांना सरांच्या स्वाधीन केले. सर त्यांना जोतिबाच्या डोंगरावर देऊळ दाखवायला घेऊन गेले, बरोबर वर्गातली सगळी मुले होती. पायऱ्यांपाशी, गुलाल-खोबऱ्याच्या दुकानासमोर उभे राहून सरांनी रात्रभर तयार केलेले स्वागताचे भाषण फ्रेंचमध्ये म्हटले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि इंग्रजीत नम्रपणे म्हणाल्या, "क्षमा करा, मला मराठी येत नाही. इंग्रजीत सांगाल का?"

मुले खाली बघू लागली. गुलालवाला मात्र मनापासून म्हणाला, "मास्तर, जरा मोठ्यानं बोला की. बाईंस्नी ऐकू ईत नसंल."

सरांनी देऊळ इंग्रजीतच दाखवले. पण बाई कोल्हापुरात होत्या तोवर रोज संध्याकाळी ते त्यांच्यासमोर पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखे बसले आणि पहिल्या धड्यापासून एकेक ओळ म्हणून दुरुस्त करून घेतली. बाई गेल्यावर त्यांनी वर्गात सांगितले, "आजवरचे माझे उच्चार पुसून टाका." एवढ्यावर कोणीही थांबले असते. सर थांबले नाहीत. आपल्याकडून फ्रेंच शिकून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची घरे शोधत ते रविवारी एस.टी.ने हिंडू लागले.

हे सगळे मला कळले ते माझ्याच घराच्या ओसरीवर. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी सर घामाघूम होऊन दाराशी उभे. आम्ही सगळे गडबडून गेलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोंगडे अंथरले. पाणी पिऊन होताच सरांनी जोतिबाची हकिगत काही न लपवता सांगितली आणि म्हणाले, "यांना मी दोन वर्षे चुकीचे बोलायला शिकवले. ते दुरुस्त करायला आलो आहे."

आबा घाबरले. "म्हंजी परीक्षा परत द्याय लागती काय?"

"नाही, नाही. ते पास झाले ते झालेच."

"मग मिटलं की, मास्तर! हितं गारगोटीत त्यो फ्रेंच बोलणार कुणासंगं? म्हशीसंगं?"

सरही हसले. मग म्हणाले, "आबा, दुकानातून नेलेले बी किडके निघाले, तर दुकानदाराने येऊन सांगावे की नाही?"

"सांगावं की," आबा म्हणाले. "पर येतंय कोण?"

सरांनी पिशवीतून आमचे जुने क्रमिक पुस्तक काढले, पहिला धडा उघडला आणि मला म्हणाले, "तुम्ही तुमच्या पद्धतीने वाचा. मी चुकेल तिथे सांगतो."

मी पुस्तक हातात घेतले. पहिली ओळ कशीबशी वाचली. दुसऱ्या ओळीत अडलो. तिसरीतला एकही शब्द ओळखीचा वाटेना. गारगोटीला आल्यापासून मी ते पुस्तक उघडलेच नव्हते. सर वाट बघत होते आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. चूक दुरुस्त करायला एवढ्या उन्हातून आलेल्या माणसासाठी मी चूकसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. जोतिबाच्या पायऱ्यांवर सरांना वाटली असेल त्याहून मोठी लाज मला माझ्याच ओसरीवर, आबांच्या देखत वाटली.

सरांच्या लक्षात आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे उलट सोपे झाले. काही पुसायला नको. पहिल्यापासून करू." आणि शेवटची एस.टी. येईपर्यंत त्यांनी मला पहिला धडा नव्याने शिकवला. आबा दारात बसून सगळे ऐकत होते. सर गेल्यावर ते एवढेच म्हणाले, "मास्तरास्नी परत असं यायला लावू नगंस."

पुढे दर रविवारी मी कोल्हापूरला जात राहिलो. नंतर एम.ए. झालो आणि आयुष्यभर कॉलेजात या दोन्ही भाषा शिकवून पोट भरले. लोक मला सरांचा पट्टशिष्य म्हणतात, तेव्हा मी विषय बदलतो.

सर आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचले, एक सोडून. मलकापूरचे बळवंत शिर्के. सर तिथे गेले तेव्हा शिर्के कुटुंब गाव सोडून गेले होते. परवाही सरांनी मला विचारले, "शिर्क्यांचा काही पत्ता?"

मी म्हणालो, "सर, ते आता साठीच्या पुढे असतील. फ्रेंच केव्हाच विसरले असतील."

सर शांतपणे म्हणाले, "तुम्हीही विसरला होताच की."



सरांचे गुडघे आता दुखतात, पण वाचणे-शिकवणे चालू आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि एस.टी.ची पायरी चढण्याइतके बळ त्यांच्या पायांत राहो, ही जोतिबाचरणी प्रार्थना. आणि बळवंतराव शिर्के, हा ग्रंथ कुठे तुमच्या हाती पडलाच, तर सरांना निरोप पाठवा. ते येतील. सगळे विसरला असाल तरी लाजू नका. ते काम मी तुमच्या वाटचेही करून ठेवले आहे.