कान नसलेल्या तोफा

गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तेव्हा जामहून फोन आला. माझ्या दादाच्या वर्कशॉपशेजारी टायरचं दुकान आहे, तिथल्या रमेशचा. "ताई, दादा स्टुलावरच बसून हायेत... आवाज देऊन राह्यलो, पण ओ देत नाईत." मी जन्मभर नर्सचं काम केलं. कुणाच्या आवाजात काय दडलंय ते मला कळतं. तरी त्या बिचाऱ्यावरच खेकसले, "मंग पाणी मार ना तोंडावर! मले फोन काऊन करतं?" वर्धेहून जामला पोचेपर्यंत मनात दादाला रागावतच होते. सकाळची गोळी विसरला असेल, उपाशीपोटी कामाला बसला असेल, मेला हट्टी. पोचले तर तो खरंच बसलेला होता, अंग गार पडलेलं. चष्मा कपाळावर, मांडीवर पॉलिशचं फडकं, आणि समोर शिकंज्यात धरलेली त्याची शेवटची तोफ. हातभरही नाही, पण लखलखीत. सागवानी गाडा, चार चाकं, मागे सुताचा पीळदार दोर. सगळं झालं होतं. फक्त कान पाडायचा राहिला होता.

कान म्हणजे तोफेच्या मागच्या टोकाला वरून पाडलेलं बारीक भोक. तिथून बत्ती द्यायची. दादाच्या तोफांना ते नसायचं. बाकी सगळं असायचं, अगदी नळीसुद्धा आतून खरीखुरी पोखरलेली. घेऊन जाणारा माणूस उलटसुलट करून विचारायचाच, "दादा, याले कान काऊन नाई?" दादा फडक्यानं तोफ पुसत म्हणायचा, "बिनाकानाचीच बरी." पुढं कुणाची विचारायची छाती होत नसे.

आम्ही रोहण्याचे. पाण्याशी संबंध विहिरीपुरता. त्या गावचा पोरगा नौदलात फिटर झाला याचं साऱ्या गावाला नवल. तिथं त्यांच्या तळाच्या फाटकाशी शिडाच्या जहाजांच्या काळातली एक तोफ ठेवलेली होती. दादा तिच्या प्रेमातच पडला. सुट्टीवर आला की लग्न, जमीन सोडून तिच्याच गप्पा. नोकरी संपवून त्यानं जामच्या चौकात लेथ टाकली. दिवसभर ट्रॉलीच्या पिना, पंपाचे बुश. हात मोकळा झाला की तोफ. मला एकदा समजावून सांगितलं होतं त्यानं. जहाजावरच्या तोफेला मोठी चाकं चालत नाहीत, बुटकी लागतात. आणि मागून जाड दोरानं बांधून ठेवावी लागते, कारण उडाली की ती मागं धावते. मी म्हटलं, "अरे, हा तर तान्ह्या पोळ्याचा बैल झाला तुहा!" माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी मोठा शोध लावला. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांवरचा लाकडी बैल दोरीनं ओढत गावभर मिरवतात, त्याची पूजा होते, खाऊ मिळतो. त्या वर्षी दादाची लेक पल्लवी बैलाऐवजी तोफ घेऊन निघाली.

काय तोरा होता पोरीचा! पायात पैंजण, तोफेच्या तोंडाला झेंडूची माळ. बाया हसत होत्या आणि हसता हसता तोफेला कुंकूही लावत होत्या. चौकात कुणीतरी चिडवलं, "दादा, तुमचा बैल हंबरत नाई का?" झालं. दादाला चेव आला. फटाके फोडून दारू काढली, नळीत ठासली. त्या पहिल्या तोफेला कान होता. दोर पल्लवीच्या हातात होता. पूजा होईस्तोवर बैलाचा दोर सोडत नाहीत, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. ती तोफेच्या मागं दोर ताणून उभी. आणि दादा... माझ्या कानांनी ऐकलंय मी... हसत तिला म्हणाला, "सोडू नको बरं का, बैल पयते!"

ती तोफ त्यानं जुने पितळी बुश वितळवून ओतली होती. ओतीव पितळात कुठं पोकळी राहिली हे वरून दिसत नाही. त्यानं बत्ती दिली, तर तोंडातून आवाज आलाच नाही, मागचं टोक फुटलं. पल्लवीचा डावा डोळा गेला. दवाखान्यात तिचं डोकं मी मांडीवर धरून होते. तिच्या मुठीत दोर तसाच होता. आईनं गिरडच्या बाबाला नवस बोलला, वहिनीनं अन्न सोडलं. दादा मात्र बाहेर व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

त्यानंतर त्यानं कधी धातू ओतला नाही. भरीव पितळी सळई आणायची, लेथवर उतरवायची, आणि कान पाडायचा नाही. काम थांबवलं असतं तर मला समजलं असतं. पण हा माणूस तोफा करतच राहिला, आधीपेक्षा जास्त, आधीपेक्षा देखण्या. नळीवरची एकेक कडी नखानं चाचपून पाहायचा. सागाच्या चाकाला एवढ्या प्रेमानं पॉलिश कागद घासायचा की मला चीड यायची. एवढी माया पोरीशी बोलण्यात खर्च कर ना! पण ते नाही. तिला शिकवलं, काही कमी पडू दिलं नाही, हे सगळं खरं. त्या दिवसाचा शब्द मात्र त्या घरात कुणी उच्चारला नाही. वहिनी गेली तीही न उच्चारताच गेली.

पल्लवी पुण्याला नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन असायचा, पण यायची क्वचित, आणि आली तर वर्कशॉपकडं फिरकायची नाही. मागच्या दिवाळीनंतर दादानं मला जवळ बसवलं. "कुंदे, तिले विचारून पाय. मरायच्या आधी एक तोफ पुरी करतो म्हंतो. कान पाडू का?" मी त्याच संध्याकाळी फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, बाबांना म्हणा, मला स्वतः विचारा. काय सांगायचं ते मी त्यांनाच सांगेन." मी जसंच्या तसं दादाला सांगितलं. त्यानं मान डोलावली.

मग रविवार आला. मी मुद्दाम जामला जाऊन बसले. "तिकडं थंडी पडली का? जेवली का तू? बरं... बरं..." आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "विचार ना रे बाबा!" तो म्हणाला, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही थंडी आणि जेवणच. आमच्या घरच्या पुरुषांना काय म्हणावं? लोखंड कापतील, समुद्र बघून येतील, पण स्वतःच्या लेकीला एक वाक्य विचारायचं म्हटलं की दातखीळ. तो तोफ करत गेला, पॉलिश करत गेला, आणि विचारायचं तेवढं राहून गेलं.

दादाची तेरवी झाल्यावर पल्लवीनंच वर्कशॉपची किल्ली मागितली. फळीवर न दिलेल्या तोफा ओळीनं मांडलेल्या होत्या. तिनं प्रत्येकीच्या मागच्या टोकावर अंगठा फिरवला. "सगळ्याच?" मी म्हटलं, "सगळ्याच." आता रडेल म्हणून मी पुढं सरकले, तर पोरगी भडकली. इतकी वर्षं पुण्यात राहून कमावलेली भाषा क्षणात उतरली. "मी सांगतलं होतं का असं करायले? मले सवय झाली होती, आत्या. केस पुढं घेतो अन् कामाले जातो. पण इथं पाय ठेवला का ह्या सगळ्या माह्याकडं पाहून राह्यल्या असते! म्हणून येत नव्हती मी. दोर मी कवाचाच सोडला होता. बाबायनंच धरून ठेवला."

 तिनं खणातून हातड्रिल काढलं. मी म्हटलं, "राहू दे पल्लू, लागेल." ऐकते कशाला, बापाचीच आहे. शिकंज्यातल्या तोफेवर वाकली, मान तिरकी करून एका डोळ्यानं नेम धरला आणि सावकाश दांडा फिरवू लागली. पितळेचा बारीक सोनेरी कीस खाली पडत राहिला. भोक आरपार गेलं तशी तिनं फुंकर मारली आणि रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणाली, "हो म्हणणार होती मी, बाबा. फक्त विचारायचं होतं." मग रडली. मीही.

ती तोफ ती त्याच्याच पॉलिशच्या फडक्यात गुंडाळून पुण्याला घेऊन गेली. लेथ विकायची आहे, गिऱ्हाइकं येऊन पाहून जातात, माझंच मन होत नाही. रविवारी जाऊन शटर उघडते, झाडून काढते. शिकंज्याखाली चिमूटभर कीस आहे, तेवढा सोडून झाडते. मग त्याच्या स्टुलावर बसते. पल्लवीचा फोन आता मला येतो. पहिल्या रविवारी माझ्याही तोंडात तेच आलं होतं, थंडी पडली का, जेवली का. गिळून टाकलं. म्हटलं, "पल्लू, डोळा दुखते का ग तुहा?"

 ती म्हणाली, "थंडीत दुखते, आत्या."