कुत्र्यांचे डॉक्टर

"आधी बघू, मग घाबरू," असं म्हणून ते उकिडवे बसत आणि पालथी मूठ कुत्र्याच्या नाकापुढे धरत. कुत्र्याने हुंगून परवानगी दिली की मगच पुढचं काम. माणसांची परवानगी मात्र ते घेत नसत, म्हणून माणसांशी त्यांचं बेताचंच जमे.

प्लेग यायच्या दोनतीन वर्षं आधी परळच्या चाळीत ते माझ्या समोरच्या खोलीत राहत. जनावरांच्या इस्पितळात कंपाउंडर होते. चाळ त्यांना डाक्टर म्हणे. इस्पितळातला गोरा साहेब चाळीत कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे या बढतीला कोणी हरकत घेतली नाही.

इस्पितळात यायचे ते बहुतेक बैल आणि घोडे. ज्यांच्या पाठीवर कोणाचं तरी पोट चालतं असे. कुत्र्यामांजरांसाठी त्यांचा रविवार होता. सकाळी उपाशी कुत्र्याला दुधातून सुपारीची बारीक पूड, जंतांसाठी. खोबरेल तेलात खललेलं गंधक, खरजेसाठी. मांजरांचे कान ते स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसत, आणि ते धोतर सोमवारी कामावर नेसून जात.

"पण ह्येका काय झालाच नाय," खालच्या मजल्यावरचा गणपत सावंत धडधाकट कुत्र्याकडे बघून म्हणे. तो गिरणीत होता, मालवणकडचा.

"म्हणून तर देतोय."

गणपतला हे कधीच पटलं नाही. तुम्हीच सांगा, झालेल्या आजारावर औषध न घेणारी आपण माणसं. न झालेल्या आजारासाठी सुपारी कुटणारा माणूस आपल्याला शहाणा कसा वाटावा? बरं झालेला रोगी डॉक्टरला नारळ देतो. जो आजारीच पडला नाही त्याच्याकडून मी अजून कोणाला नारळ मिळालेला पाहिला नाही.

एकदा गिरगावात भूतदयेवर व्याख्यान होतं. मी त्यांना आग्रहाने नेलं. वक्ते मोठे वकील. पावणेदोन तास बोलले, त्यात संस्कृत श्लोक अकरा. आमचे डाक्टर दहाव्या मिनिटाला उठून गेले ते आलेच नाहीत. बाहेर पाहतो तर वकिलांच्या गाडीच्या चाकाला उन्हात बांधलेल्या विलायती कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेले.

"व्याख्यान फार चांगलं झालं," मी म्हणालो.

"असेल. याच्या कानात सात गोचिड्या होत्या."

हिराबाय कोळीण मासळीची पाटी घेऊन चाळीत येई. गल्लीतलं तांबू नावाचं कुत्रं तिच्या मागे फिरे आणि बोंबलाच्या डोक्यांवर जगे. तिने एकदा विचारलं, "पोरांना देवी टोचतान, तशी कुत्र्यांना नाय टोचत क?"

"अजून नाही निघाली, बाय. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला टोचायची लस निघालीय. पण ती फ्रान्सात."

"म्हंजे किती लांब?"

"साहेब लोकांना बोटीने तीन आठवडे. आपल्याला जरा जास्त."

एका शनिवारी तीच हिराबाय तांबूला गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. "गल्यान काटा रुतलाय, डाक्टर. सकालपासून तोंड वासून बसलाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पिसाळण्याचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रं भुंकत नाही, जबडा लोंबतो, आणि सगळ्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलं. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, हे मला त्यांनीच समजावलं होतं. पण हिराबाय रडत होती. त्यांनी हात घातला. काटा आहे की नाही हे कळायच्या आत अंगठ्यात दोन दात गेले.

त्यांनी अंगठा धुतला, कॉस्टिकने जाळला, आणि साखळीने तांबूला जिन्याखाली बांधलं. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "याला कोणी हात लावायचा नाही, मारायचं तर मुळीच नाही. दहा दिवस हा धडधाकट राहिला, तर मला काही होत नाही. आधी बघू, मग घाबरू."

दुसऱ्या दिवशी तांबू चार थेंब पाणी प्याला. तिसऱ्या दिवशी थोडा भात खाल्ला. चौथ्या दिवशी डाक्टर इस्पितळात असताना गणपतने आणि आणखी दोघांनी काठ्यांनी त्याचा जीव घेतला आणि शिवडीच्या खाडीत ओहोटीच्या पाण्यात मढं सोडून दिलं.

"आमी तुमच्यासाठीच केलव, डाक्टर," संध्याकाळी गणपत म्हणाला. चावलेलं कुत्रं मारलं की त्याचं विष मरतं, हे त्याला त्याच्या आजाने सांगितलं होतं. माया होती ती, दुसरं काही नाही.

त्यांनी रिकामी साखळी सोडून हातात घेतली. "गळा उघडून काटा होता का, ते तरी पाहिलं असतं," एवढंच म्हणाले. मग मला म्हणाले, "आता सहा महिने थांबायचं, मास्तर. रोग उठायला तेवढे लागू शकतात. पाणी गिळता येईनासं झालं, की समजायचं."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या भोंग्याआधी ते पितळेचा पेला घेऊन गॅलरीत उभे राहत आणि माझ्यासमोर पाणी पीत. पेला स्वतः घासत, कोणाला शिवू देत नसत. चारआठ दिवसांत त्या वेळी गॅलरीत कोणाला दात घासायचे असत, कोणाला धोतर वाळत घालायचं असे. हिराबाय लालबागची गिऱ्हाइकं सोडून आधी इथे येई. त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, की सगळे आपापल्या कामाला लागत. एकदा त्यांना ठसका लागला. त्या दिवशी आमच्या मजल्यावर दोन घरी चूल पेटली नाही.

गणपत वर येत नसे. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर पाठ करून बसे. मी उतरलो की विचारी, "पियाले?"

"प्यायले."

मग तो गिरणीत जाई.

प्लेगात चाळ रिकामी झाली. ते गावी गेले. तिथून दोन कार्डं आली, तिसरं आलं नाही. पुढे मी चौकशी केली, तर गावचा पोस्टमन म्हणाला, त्या घराला कुलूप आहे. परळला आता नवे कंपाउंडर आहेत, टोपी घालतात आणि कुत्र्यांना दुरून तपासतात.

मला आठवते ती सहा महिने पुरे झाल्याची सकाळ. ते नेहमीसारखं पाणी प्यायले, पण अर्धाच पेला. मग कठड्यावरून वाकून हाक मारली, "गणपत, वर ये."

गणपत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी पेला पुढे केला. गणपतने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी पेला घेतला, आणि त्यांचे ओठ लागले होते त्याच कडेला ओठ लावून तो शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याला.