तिथीप्रमाणे वॉरंटी

नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचं नाही, हा माझा नियम आहे. आमच्या टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि बटणं पिशवीवरूनच दाबायची असतात. गाडीच्या सीटवर शोरूमनं घातलेलं प्लॅस्टिक सात वर्षं झाली तरी आहे. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटतं, उतरताना चर्रर्र आवाज होतो, पण खालची सीट अजून कोरी आहे. ती कोरी सीट आजवर कुणी पाहिलेली नाही, असं बायको म्हणते. सरकारी कचेरीत तीस वर्षं मी जुन्या फायली सांभाळल्या. माझ्या ताब्यातल्या एकाही कागदाचा कोपरा दुमडलेला नव्हता, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

निवृत्तीनंतर शहराबाहेर कळंब्याच्या बाजूला छोटं घर बांधलं. त्याआधीचा सगळा संसार दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत झाला होता. त्यामुळे नव्या घरासाठी बायकोनं एकच मागणी केली. दारात थोडी हिरवळ हवी, तिच्यावर पाय पसरून बसायचं आणि भडंग खायचं. टाइल्सचा रंग, स्वयंपाकघरातला ओटा, सगळं तिनं माझ्यावर सोडलं.

हिरवळ लावली. मुळं धरेपर्यंत तिच्यावर पाय ठेवू नये म्हणून मी भोवती दोरी बांधली आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी रोवली. घरात आम्ही दोघंच. पाटी कुणासाठी आहे, असं तिनं विचारलं. सर्वांसाठी आहे, असं मी सांगितलं.

मग गवत कापायचं विजेचं यंत्र घेतलं. ते घरी आलं खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे अवजारांच्या पूजेच्या मुहूर्तावर. यंत्र पांढरंशुभ्र. त्यावर हळदकुंकवाचे डाग पडले असते तर मला झोप लागली नसती. कंपनीचं पातळ प्लॅस्टिक अंगावर होतंच, त्यावर मी स्वतः आणखी एक चढवलं. चिकटपट्टी लावून, एक सुरकुती न पाडता. मग कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि यंत्र माळ्यावर ठेवून दिलं. इतकी नवी वस्तू लगेच वापरायला मन होईना. वर्षभर गवत मी विळ्यानं कापलं.

वॉरंटी एक वर्षाची होती. ती संपायच्या आधी यंत्र एकदा चालवून बघायचं, हे मी पक्कं ठरवलं होतं. पुढच्या खंडेनवमीला यंत्र खाली उतरवलं, त्याच प्लॅस्टिकवर पुन्हा कुंकू लावलं आणि बटण दाबलं. पावसाळ्यानंतर यंत्रासाठी म्हणून विळा लावला नव्हता, गवत गुडघ्याएवढं झालं होतं. यंत्र पाच मिनिटं छान चाललं आणि बंद पडलं. तासाभरानं पुन्हा पाच मिनिटं चाललं, पुन्हा बंद. दिवसभर आमचं हेच चाललं होतं, तरी जेमतेम एक कोपरा कापून झाला. पायरीवर बसून बायको बघत होती. ‘माणसापरीस ह्यालाच विश्रांती जास्त लागती की,’ ती म्हणाली.

दसरा झाल्यावर मी यंत्र घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं पावती उलटसुलट केली.

‘पावणं, वॉरंटी संपून एकोणीस दिवस झालं.’

‘कशी संपेल? खंडेनवमीला घेतलं, खंडेनवमीला बिघडलं. वर्षाच्या आत आहे.’

‘औंदा अधिक महिना आलता की! दसरा लांबला. वॉरंटी तारखेनं चालती, तिथीनं न्हाय.’

दुकानातली चार माणसं हसली. आमच्या घरात वाढदिवस, वर्षश्राद्ध, सगळं तिथीनं होतं. वॉरंटीनं वेगळं का वागावं, हे मला आजही पटलेलं नाही. वर तो म्हणाला, ‘नीट वापरलं नसणार तुमी.’ इथं मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नीट वापरलं नाही? मी? मी तर ते वापरलंच नव्हतं!

आमच्या शेजारी एक वकीलबाई राहतात. तरुण आहेत, हुशार आहेत, आणि मला काका म्हणतात. त्यांना सगळं सांगितलं.

‘काका, वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असं नसतं,’ त्या म्हणाल्या. ‘वस्तू मुळातच सदोष असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दोन वर्षांची मुदत असते. पण दोष बनवतानाचाच आहे, हे जाणकाराकडून लिहून घ्यावं लागेल.’

मला गहिवरून आलं. घरी येऊन मी अकरा पानी तक्रार लिहिली. यंत्राची जन्मकथा, दुकानदाराचं हसणं, पट्टीनं मोजलेली गवताची उंची. सगळं मार्जिन सोडून, सुवाच्य अक्षरात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दिवाळी झाल्याबरोबर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गुडघा बदलल्यावर खाली जमिनीवर बसायचं नाही, कधीच नाही. म्हणजे हिरवळीवर पाय पसरून बसायला तिच्याकडे जेमतेम तीन आठवडे उरले होते.

‘अहो, तेवढं विळ्यानं कापा की,’ ती म्हणाली.

‘गवताला हात लावायचा नाही,’ मी म्हणालो. ‘तो पुरावा आहे.’

हे वाक्य मी उच्चारलं, हे आता लिहितानाही लाज वाटते. ती रोज संध्याकाळी पायरीवर बसून पुराव्याकडे बघायची. पुरावा वाढत होता. एकदा त्यातून मुंगूस निघालं, तेव्हा मी तक्रारीला बारावं पान जोडलं.

वसुबारसेला उद्यमनगरात विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री अहवाल द्यायला आले. लिहून घ्यायला वकीलबाई वही घेऊन बसल्या. मी बाह्या सरसावून उभा होतो. मिस्त्रींनी यंत्र चालू केलं. ते पाच मिनिटं चाललं आणि बंद पडलं. ‘बघा!’ मी ओरडलो. इतक्या आनंदानं मी कुठलीच वस्तू बिघडताना पाहिली नव्हती.

मिस्त्रींनी चष्मा लावला. बोटानं कुंकू खरवडलं. मग नख घालून चिकटपट्टीचं टोक उचललं.

‘हे कुणी लावलंय?’

‘मी,’ मी जरा अभिमानानंच म्हणालो.

‘ह्याच्याखाली वारा घ्यायच्या जाळ्या हायत. मोटार तापती, मग सोताच बंद हुती. नाकातोंडावर प्लॅस्टिक बांधून तुमाला पळवलं तर पाच मिनिटं तरी पळशीला व्हय?’

‘हे पुस्तकात लिहायला हवं होतं कंपनीनं!’

‘पुस्तक बघू.’

पुस्तक कपाटात होतं. अर्थातच पिशवीत, सील न फोडलेलं. वकीलबाईंनी ते फोडलं, आणि फाटलेली पिशवी मी घडी करून ठेवली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वापरण्यापूर्वी सर्व प्लॅस्टिक काढून टाकावं.

मिस्त्रींनी दोन्ही थर सोलले आणि यंत्र सुरू केलं. सबंध हिरवळ कापून झाली तरी ते थांबलं नाही. शेवटी मीच बटण दाबून बंद केलं. वकीलबाई वहीत तोंड लपवून हसत होत्या. ‘काका, ती बारा पानं द्या माझ्याकडे,’ त्या म्हणाल्या. ‘दुकानदाराच्या हाती लागली तर तोच आयोगात जाईल.’

सगळे गेल्यावर बायको भडंगाचा डबा घेऊन बाहेर आली. चपला पायरीवर काढल्या. मी दोरी सोडली, पाटी उपटली आणि गवत ओलसर आहे म्हणून खाली अंथरायला आतून प्लॅस्टिक आणलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी प्लॅस्टिक परत ठेवून आलो.

तिला बसवायला वेळ लागला. आधी खुर्ची धरून, मग माझा खांदा धरून, मग ‘आई गं’ म्हणत एकदाची बसली. पाय लांब पसरले, तळवे गवतावर घासले, कांदा चिरून भडंगात घातला.

‘आता सांगून ठेवते,’ ती म्हणाली. ‘नवा गुडघा आला की मी रोज चालणार हाय ह्या गवतावर. जपून ठेव म्हणालात तर बघा.’

नव्या गुडघ्याची वॉरंटी किती, हे डॉक्टरांना विचारायचा कागद माझ्या खिशात होता. तो मी खिशातच चुरगळला.

वर्षभर मी ती हिरवळ जपली आणि त्यातला एक दिवसही तिला बसायला दिला नाही. मला फार वाईट वाटलं, पण कसं सांगायचं कळेना, म्हणून मी नुसतं भडंग खात राहिलो. डबा संपला. दिवेलागण झाली, डास चावायला लागले. ‘उठायचं का?’ मी विचारलं.

‘थांबा की जरा,’ ती म्हणाली. ‘परत बसायला मिळायचं न्हाय.’

मी थांबलो.