रुखवतातली कुरडई

"हात लावला तुनं?"

मालकीणबाई जिन्यातून ओरडली आणि माझ्या हातातली काठी खाली पडली. मी चौथीत होते. पातूरजवळचं आमचं गाव. ज्यांच्या शेतात माय निंदायला जायची, त्यांच्या गच्चीवर मी बसले होते. पुढे पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत होत्या. कावळे हाकलायचे, वानरं हाकलायची, एवढंच माझं काम. कुरडयांना हात लावायचा नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. पण वारा आला, धोतराचं टोक उलटलं, एक कुरडई खाली पडली. मी ती उचलून परत ओळीत ठेवली. पोरीच्या जातीला जे सुचतं ते केलं.

बाईनं ती अख्खी ओळ माझ्या फ्रॉकच्या ओच्यात लोटली.

"घेऊन जाय आता. आमाले नाई चालत."

त्या कुरडयांचा गहू माझ्या मायनं विळ्यानं सोंगला होता. तिनंच निवडला होता. तेव्हा तिचा हात चालला. गहू शिजला की बाटला. आमच्या वस्तीतही दर उन्हाळ्यात घरोघर कुरडया व्हायच्या, पण त्या वस्तीतच खपायच्या.

माय बाईच्या मागंच जिन्यात होती, काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं त्या कुरडया तळल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. मस्त लागल्या. त्याचाच मला राग आला. अजून येतो.

लग्न होऊन मी अकोल्यात आले. नवरा ऑटो चालवतो. बाप गेल्यावर मायला मी माझ्याकडे आणलं आणि तिच्याच पितळी सोऱ्यावर धंदा सुरू केला. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक गाळायचा, शिजवायचा, ऊन तापायच्या आत कुरडया पाडायच्या. हाताला फोड यायचे. हळूहळू वस्तीतल्या बाया आल्या, बचत गटाचं कर्ज आलं, गहू वाटायची मशीन आली.

माल घेणारी सापडली अमरावतीत. तिचं घरगुती पदार्थांचं मोठं दुकान. सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणायचे. माझा निम्म्याहून जास्त माल ती एकटी उचलायची. पाकीट तिचं, नाव तिचं. मी एकदा विचारलं, आमचं नाव कधी टाकायचं? ती गोड हसली.

"माझं काही नाही गं. पण गिऱ्हाईक आडनाव वाचतं."

माझं काही नाही! असं म्हणणाऱ्यांचंच सगळं असतं.

मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. रुखवत माझ्याकडेच. लाल, हिरव्या, पिवळ्या कुरडया, मोदकाएवढ्या आणि ताटाएवढ्या. मायनं कुरडयांचं तुळशीवृंदावन रचलं. तिच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, तरी रचलं. हॉलवर जाऊन आम्ही दोघींनी टेबलं मांडली. मांडून झाल्यावर ताई हळूच म्हणाली, "आता तुम्ही मागच्या खोलीत बसा. वरपक्ष येतोय."

आम्ही निघालो. तेवढ्यात वराकडच्या बाया आल्याच. एक म्हातारी वृंदावनापुढं थांबली.

"विहीणबाई, कोनं केलं वं हे?"

"आमच्याच घरचं," ताई म्हणाली.

माय माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान खाली घातली. मला तिची ती मान पाहवली नाही.

कुणाचा तरी पदर लागला आणि वृंदावनावरची एक कुरडई खाली घरंगळली. मी उचलली. जागेवर ठेवली. हात आपोआप गेला, त्या गच्चीवर गेला होता तसाच.

ताईनं माझं मनगट धरलं. कानात म्हणाली, "ती काढ. सगळ्यांसमोर हात नको लावू. यांच्यात कुणी तुला ओळखत असलं तर?"

माझं डोकंच फिरलं. हजार वेळा या हातांनी चीक घोटला, तेव्हा चाललं. पाहुण्यांनी हात पाहिला की बाटलं?

मी मोठ्यानं म्हणाले, "ताई, हे अख्खं रुखवत मायाच हातचं आहे. माया अन् या माया मायच्या. आमी बौद्ध. सांगा, कोणती कोणती काढू?"

म्हातारीच्या हातात हिरवी कुरडई होती, ती तिनं ताटात ठेवून दिली. ताईचा चेहरा पडला होता. मला कीव आली नाही.

"चाल माय," मी म्हणाले.

माय हलली नाही. ती वाकली, चाचपडत त्या वृंदावनावरची सगळ्यात वरची कुरडई उचलली आणि आपल्या ओच्यात टाकली. मगच निघाली. बसमध्ये म्हणाली, "त्या दिशी गच्चीवर मीच बोलाले पायजे होतं."

ताईनं माल घेणं बंद केलं. दोन बायांना मला घरी बसवावं लागलं. मशीनचा हप्ता थकला, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "काहून बोलली तू?" मी म्हणाले, "पुन्हा बोलीन." दुसऱ्या दिवशी त्यानं माझा माल ऑटोत भरला.

आता पाकीट माझं आहे. त्यावर वर आमचं आडनाव, ठळक, आणि त्याखाली कुरडई. मूर्तिजापूरच्या बाजारात मी स्वतः बसते. काही बाया पाकीट उचलतात, चांगलं आहे म्हणतात, मग नाव वाचतात आणि पाकीट आडवं टाकून पुढं जातात. त्या गेलेल्या मला दिसतात. त्यांचे चेहरे मी विसरत नाही.

आडनाव बारीक करणार नाही. टाकून जायचं त्यांनी टाकून जावं. मी प्रत्येक पाकीट उचलीन आणि याच हातानं परत ओळीत उभं करीन.