कुणाची हरकत असल्यास

माझ्या आत्याला गल्लीत सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, आणि तोंडात कायम खिळे. आमचं सोफे-खुर्च्या मढवायचं दुकान. या धंद्यात दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. पण बाबा दुकानात आले की आत्या कापड ताणत नसतानाही मूठभर खिळे तोंडात टाकायची. सख्ख्या भावाशी बोलावं लागू नये म्हणून शोधलेली ही युक्ती तिने तीस वर्षं चालवली. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्या तरुण असताना सिस्टरांच्या मठातले बाक मढवायला जायची. एकदा गुडघे टेकायच्या फळीखाली उताणी पडून जुना काथ्या उपसत असताना तिला वाटलं, आपण इथेच राहायचं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. नाकात धूळ गेली होती आणि मन एकदम शांत झालं होतं, एवढंच ती सांगायची. ही शांती आपली नाही, कुणीतरी दिलेली आहे, हे तिला पक्कं कळलं. मठाच्या प्रमुख मदरनी घाई केली नाही. वर्षभर येत राहा, प्रार्थना कर, देवाचं पाचारण खरं असेल तर टिकेल, म्हणाल्या. ते टिकलं. मठात जायचा दिवसही ठरला.

मग बाबा मदरना भेटून आले. "ती फार रागीट आहे, घरात भांडी फेकते. तुमच्याकडे चार दिवस टिकणार नाही," असं सांगून आले. आजोबा नुकतेच गेले होते, दुकानात हात कमी पडत होते आणि आजीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. हे मात्र ते मदरना बोलले नाहीत. मदरनी आत्याला थांबायला सांगितलं आणि का ते लपवलंही नाही. आत्याने घरी येऊन जाब विचारला, तेव्हा बाबा म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच केलं. त्या दिवशी तिने खरंच एक पातेलं फेकलं. म्हणजे बाबांचंच म्हणणं खरं ठरलं, आणि ते थांबणं मग आयुष्यभराचं झालं.

पुढे बाबांचं लग्न झालं, मी झाले, आई गेली. आजी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली. तिला न्हाऊमाखू घालणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं, सगळं आत्याकडे. एका शब्दाची तक्रार नाही. पण प्रत्येक काम ती दातओठ खाऊन करायची.

आणि मग साठीला आलेल्या बाबांना पाचारण झालं. डीकन व्हायचं म्हणाले. डीकन म्हणजे फादर नव्हे, पण वेदीपाशी उभा राहून सेवा करणारा, आजारी माणसांकडे जाणारा. संसार केलेल्या माणसालाही होता येतं. आत्याला हे सांगायला त्यांनी वेळ नेमकी साधली. ती आरामखुर्चीची पाठ ताणत होती, तोंड खिळ्यांनी गच्च. बाबा भरभर बोलून मोकळे झाले. आत्याने हातोडी ठेवली, एकेक खिळा तळहातावर काढला आणि म्हणाली, "छान." आता काय होणार म्हणून मी घाबरले. आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. बापावर माझी माया होती, पण आत्याने त्यांना एकदा तरी धडा शिकवावा असं मला लहानपणापासून वाटत होतं.

आमच्या चर्चमध्ये डीकनच्या शिक्षणाला कुणाला घ्यायचं असेल, तर त्याचं नाव तीन रविवार मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, वाचतात आणि कुणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. त्याआधी फादर घरच्यांना भेटतात. तसे ते दुकानात आले आणि उसवलेल्या कोचाच्या एका धड कोपऱ्यावर कसेबसे टेकले. आत्याचं काही म्हणणं आहे का, विचारलं. बाबांनी मान खाली घातली.

आत्या म्हणाली, हरकत नाही. फक्त सोमवारपासून मी सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहायला जातेय. तिथे गाद्या भरायला आणि म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला माणूस हवंय, माझं बोलणं झालंय.

"आणि आईचं?" बाबा म्हणाले.

"तेच तर," आत्या फादरकडे बघत म्हणाली. "दादाला सेवेचं पाचारण झालंय ना? सेवा मागच्या खोलीत पडलेली आहे. वर्षभर करू दे. मग वाचा नाव."

फादर म्हणाले, हे योग्य आहे. बाबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सोमवारी आत्या पिशवी घेऊन निघाली, तेव्हा दारात मला हळूच म्हणाली, "चार दिवस टिकणार नाही बघ." ते शब्द तिने तीस वर्षं जपून ठेवले होते.

वृद्धाश्रमाच्या सिस्टरनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तू इथे कुणाला दाखवायला आली आहेस का? आत्या हो म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, ठीक आहे, सध्या तेवढंही चालेल. असं आत्यानेच मला सांगितलं, आणि सिस्टरांना अक्कल नाही असंही वर सांगितलं.

दर रविवारी मिस्सा झाली की ती आजीला भेटायला यायची. खरं म्हणजे बाबांची फजिती बघायला यायची. मी तिला सगळं पुरवायचे. पहिल्यांदा भांडं उचलताना बाबा मोरीत जाऊन ओकले. चादर बदलताना आजीला जवळजवळ खालीच पाडलं. एकदा दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले आणि गिऱ्हाईक परत गेलं. आत्या हे सगळं मिटक्या मारत ऐकायची.

पण बाबा टिकले. हात कामाला शिकले आणि जीभ तर पहिल्यापासून चालत होती. आजीची कूस बदलताना ते गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करायचे. एका रविवारी आत्या मागच्या खोलीकडे वळली आणि दाराबाहेरच थांबली. आत आजी हसत होती. अंथरुणाला खिळल्यापासून तिला इतकं मोकळं हसताना आम्ही ऐकलं नव्हतं. आत्याने दार ढकललं. बाबा आजीच्या पायाची नखं कापत होते.

आत्या म्हणाली, सरक, मी करते. बाबा निमूट बाहेर आले. आत्याने पाय हातात घेतला आणि आजी म्हणाली, "त्यालाच बोलाव गं. तुझे हात सारखे भांडतात."

आत्या बाहेर आली. दुकानात बसली. समोर ठोकायला काही नव्हतं, तरी डब्यातले खिळे घेऊन तोंडात टाकले. मी जवळ गेले तर तिने मान फिरवली. मला आजीचा इतका राग आला की रात्री मी तिच्याशी बोलले नाही. कुणी केलं तिचं इतकी वर्षं? मग झोपताना वाटलं, आजी खोटं काय बोलली?

त्यानंतर आत्याने फजितीच्या गोष्टी विचारल्या नाहीत. आश्रमात मात्र तिचं सगळ्यांशी वाजत होतं. तरी एका म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा आत्याने तिची गादी तीनदा उसवून भरली. जिथे हाड टेकतं तिथे कापूस मऊ पिंजून घातला. म्हातारी झोपली तशी आत्या गादीच्या कडेला हात ठेवून बसून राहिली. मी भेटायला गेले होते, तेव्हा पाहिलं. हात अगदी गप्प होते.

वर्ष झालं आणि बाबांचं नाव वाचलं गेलं. पहिल्या रविवारी आत्या बसून राहिली, दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी फादरनी विचारलं, कुणाची हरकत आहे का, आणि आत्या उठली. सगळं चर्च मागे वळलं. बाबांनी डोळे मिटले. मला ती बोलायला हवी होती आणि नकोही होती.

"मी याची बहीण," ती म्हणाली. "आईचं मी तीस वर्षं केलं, यानं एक वर्ष. आईला यानं केलेलं आवडतं. मला हा माणूस आवडत नाही. पण तुम्ही ते विचारलेलं नाही. सेवेला हा लायक आहे. घ्या त्याला."

ती बसली. फादर पुढचं वाचायचंच विसरले.

मिस्सा सुटल्यावर बाबा तिला बाहेर गाठायला धावले. पायरीवर धाप लागलेली, डोळे भरलेले. म्हणाले, "टाचणे, मदरना मी खोटं सांगितलं होतं. मला माफ कर."

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंडात खिळे नव्हते.

"खोटं कुठे होतं?" ती म्हणाली. "खोटं असतं तर कधीच माफ केलं असतं, दादा."

मग तिने त्यांची वाकडी झालेली कॉलर सरळ केली, जरा जोरातच, आणि आश्रमाची बस पकडायला निघून गेली.